पार्किन्सन्स : रात्रीच्या पाच फेऱ्या

पारसिकवारा | सोमवार, रात्री १:२०

झोप उडालीच आहे तर लिहूनच काढते.

बाबा ७४, पार्किन्सन्सचं निदान होऊन ७ वर्षं झाली. आई ६९. दोघं नेरूळला, सिडकोच्या जुन्या घरात. मी ठाण्याला, कोपरीत. शनिवार-रविवार तिकडे असते. आईने वर्षभर यातलं काही सांगितलं नव्हतं. मी सलग चार रात्री राहिले तेव्हा कळलं.

दिवसा बाबांचं बरं चाललंय. कंप थोडा, ताठरपणा जास्त. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) दिवसातून चारदा, शेवटची रात्री ८ ला. पण साडेअकरा ते साडेपाच या वेळात पाच वेळा लघवीला उठतात. उठतात म्हणजे आई उठवते. त्यांना कुशीवर वळता येत नाही. तोंडातून नुसतं "अगं" येतं, तेही इतकं हळू की आई झोपेतही कान देऊन असते. मग बसवा, पाय खाली सोडा, उभं करा, आणि बाथरूमच्या दाराशी आलं की पाय जमिनीला चिकटतात. त्या बाथरूमला दोन इंचांचा उंबरठा आहे. निम्म्या वेळा कपडे तिथेच खराब होतात. एका फेरीला २० मिनिटं, आता करा हिशोब.

गेल्या गुरुवारी दोघंही पडले. फार लागलं नाही. पण बाबांनी तेव्हापासून दुपारी चारनंतर पाणी बंद केलंय, कोणी न सांगता. जेवतानाही घोटभरच. तरी फेऱ्या पाचच! उलट पोट साफ होईना, आणि परवा सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, या वयात प्रोस्टेट असायचंच. शेजारचे म्हणतात डायपर लावा. डायपरचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करतात. एरवी वळता येत नाही म्हणे.

तर हे पार्किन्सन्सचं आहे, प्रोस्टेटचं की वयाचं? आणि आईला सलग तीन तास झोप मिळायला काय करू? दुसरा प्रश्न जास्त घाईचा आहे.

चहाबाज | सोमवार, सकाळी ७:०५

संध्याकाळचा चहा बंद करून बघा. आयडीवर जाऊ नका, अनुभवाचे बोल आहेत.

अन्नपूर्णा_खारघर | सोमवार, सकाळी ९:३०

गोखरूचा काढा द्या रात्री झोपताना. माझ्या सासऱ्यांना खूप फरक पडला होता.

वाटसरू | सोमवार, सकाळी ९:५२

अहो ताई, गोखरू मूत्रल आहे! लघवी वाढवण्यासाठीच देतात ते. रात्री झोपताना दिलंत तर पाचाच्या सात फेऱ्या होतील.

अन्नपूर्णा_खारघर | सोमवार, सकाळी १०:१०

सासऱ्यांना लघवी होत नव्हती म्हणून दिला होता, आत्ता आठवलं. 🙈

थरथराट | सोमवार, दुपारी १२:४५

पारसिकवाराताई, मी स्वतः पार्किन्सन्सवाला. वय ६७, पाचपाखाडी. गोळी लागू झाली की टायपिंग जमतं, म्हणून दुपारी लिहितोय.

तुमच्या बाबांच्या बाजूने सांगतो. आम्हाला लघवीची चाहूल लागत नाही, थेट हुकूम येतो. पूर्वी 'लागली आहे, जाऊ या सावकाश' असं असायचं. आता हुकूम आल्यापासून माझ्या हातात दीड मिनिट असतं, आणि पलंगावर उठून बसायलाच तीन मिनिटं लागतात. त्यातून रात्री गोळीचा असर उतरलेला, अंग लाकूड झालेलं. हे गणित कधीच सुटणार नाही हे समजायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत बायकोचा खांदा गेला.

मग मी ठरवलं की रात्री बाथरूमला जायचंच नाही. पलंगाच्या कडेला बाटली. स्टेशन रोडला सर्जिकलच्या दुकानात लघवीचं प्लॅस्टिकचं भांडं मिळतं, झाकणवालं घ्या. पलंगाच्या कडेवर बसूनच करायची, उभं राहून नाही. पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. आठव्या दिवशी भांडं नसतं तर रडलो असतो.

बाकी बारीकसारीक : नाडीचा पायजमा हद्दपार, इलॅस्टिकचा घ्या. कंबरेखाली येईल अशी सॅटिनची चादर पट्टीसारखी घाला, अंग घसरतं आणि वळायला सोपं जातं. पायथ्याला बायकोची जुनी सुती साडी पीळ देऊन बांधली आहे, ती धरून उठून बसतो. फोमची मऊ गादी काढा, माणूस त्यात रुततो.

आणि हो, कमोडमध्ये किंवा कपड्यांवर लालसर-काळपट डाग दिसले तर आधी गोळी आठवा. लेव्होडोपाने लघवीचा रंग गडद होतो. मी रक्त समजून तीन दिवस घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

ऐरोलीकर_मी | सोमवार, दुपारी ३:२०

थरथराटकाका, _/\_

माझ्या आईलाही पार्किन्सन्स. बाईमाणसासाठी बाटली फार उपयोगी पडत नाही हे लिहून ठेवते. रुंद तोंडाचं भांडं आणलं होतं, आम्हाला जमलं नाही. आम्ही आईच्या पलंगाला टेकून कमोडची खुर्ची ठेवली. चाकाची नको, चार पक्क्या पायांची. साडी सोडून गाऊन, यावर मात्र महिनाभर अबोला झाला.

अजून एक. आईच्या फेऱ्या एकदा एका आठवड्यात दुप्पट झाल्या. जळजळ नाही, ताप नाही. पण तिला दारात माणसं दिसायला लागली. आम्ही समजलो आजार वाढला. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. तो बरा झाला तशी माणसंही गेली. म्हातारपणी, त्यात पार्किन्सन्समध्ये, असं अचानक बिघडलं तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.

रोखठोक_७१ | सोमवार, रात्री ८:४०

एवढं सगळं करण्यापेक्षा डायपर लावा आणि झोपा. भावनिक होऊन बाईचे हाल चालू आहेत. रात्री पँट डायपर, खाली अंडरपॅड, विषय संपला.

थरथराट | मंगळवार, दुपारी १२:३०

रोखठोक, डायपरला माझा विरोध नाही. सुनेच्या लग्नाला, गडकरीला नाटकाला, मी स्वतः लावून जातो. पण जाग असलेल्या माणसाला, हुकूम आलेला असताना, 'त्यातच करा' असं सांगून पाहा. होत नाही. शरीर ऐकत नाही. मग माणूस तळमळत पडतो आणि शेजारचाही जागाच राहतो.

रोखठोक_७१ | मंगळवार, दुपारी १:१५

सुनेच्या लग्नाला?

थरथराट | मंगळवार, दुपारी १:४०

मुलाच्या हो. लग्न एकच.

स्टेथोस्कोप | मंगळवार, रात्री १०:५०

मी फिजिशियन आहे, मेंदूविकार किंवा मूत्ररोग माझे विषय नाहीत. इथे बसून कोणाला औषध सांगणार नाही. पण मूळ प्रश्नाला, म्हणजे कशाचं आहे याला, अजून कोणी हात घातलेला नाही म्हणून लिहितो.

मूत्राशय थोडं भरलं की आकुंचन पावायला बघतं. मेंदू त्याला 'थांब' म्हणत राहतो. या थांबवण्यात ज्या भागांचा हात असतो, नेमके तेच भाग डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झाल्याने पार्किन्सन्समध्ये ढिले पडतात. म्हणून थरथराट म्हणतात तसा हुकूम येतो. अशा वेळी प्रत्येक खेपेला लघवी थोडीथोडीच होते.

पण रात्रीच्या फेऱ्यांचं दुसरं एक कारण मूत्राशयात नसतंच. मूत्रपिंड रात्री जास्त लघवी तयार करत असतात. तेव्हा प्रत्येक खेप भरघोस असते. या दोन्हींचे उपाय वेगळे, आणि नुसत्या 'पाच वेळा' या आकड्यावरून ते ओळखता येत नाहीत. तिसरं म्हणजे झोपच तुटते. घोरणं, मध्येच श्वास अडकणं, अंग आखडणं यांनी जाग येते आणि जाग आली की लघवी आठवते. प्रोस्टेट असेल तर तेही यात भर घालतं. मधुमेह आहे का तेही पाहायचं.

म्हणून ताई, मोजा. स्वयंपाकघरातलं मापाचं प्लॅस्टिकचं भांडं कायमचं बाथरूमला देऊन टाका. तीन दिवस, २४ तास, प्रत्येक वेळी किती मिली आणि किती वाजता. काय प्यायले तेही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. या वयात रात्रीचा वाटा २४ तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरला तर गडबड मूत्रपिंडाच्या वेळापत्रकात आहे.

शिवाय दोन रक्तदाब. एक झोपलेले असताना, दुसरा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. अंधारी आली म्हणालात म्हणून सांगतोय. कोणीतरी शेजारी उभं राहा.

आणि पाणी बंद करणं आजच थांबवा. बद्धकोष्ठता, अंधारी, जंतुसंसर्ग, तिन्ही त्याने वाढतात. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबही आणतं.

कवडसा | बुधवार, सकाळी ८:००

हा धागा माझ्या निवडक दहात नोंदवला. सासूबाईंसाठी.

निसर्गोपचारी | बुधवार, सकाळी ११:२५

मुळातून बरं करायचं तर कवचबीजाचं चूर्ण. सगळ्या इंग्रजी गोळ्या सुटतात.

स्टेथोस्कोप | बुधवार, रात्री ११:१०

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी. त्यात लेव्होडोपाच असतो. काम करतो म्हणूनच धोका आहे. गोळीवर चूर्ण म्हणजे डोस वाढवणं, तोही न मोजता. दाब आणखी उतरेल, भास होतील. घ्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगून. आणि गोळ्या एकाएकी बंद तर अजिबात करू नका.

पारसिकवारा | रविवार, रात्री ९:३०

मोजलं. तीन दिवस. आई आधी लाजली, मग इतकी रमली की किराणाच्या वहीत 'तूरडाळ १ किलो' याच्याखाली '२:१५, १९० मिली' असं लिहायला लागली.

तीन दिवसांची सरासरी : दिवसभरात ५५०. रात्री आणि सकाळची पहिली मिळून ११००. म्हणजे १६५० पैकी ११०० रात्रीचे! रात्रीची प्रत्येक खेप १८० च्या आसपास. थोडीथोडी नाहीच.

मला आता हे कळत नाही की चारनंतर माणूस पाणीच पीत नाही, तर हे ११०० मिली येतं कुठून?

रक्तदाब झोपलेले असताना १५८/८८, उभं केल्यावर ११४/६८. यंत्र बिघडलंय असं वाटून शेजाऱ्यांचं आणलं. तेच.

स्टेथोस्कोप | रविवार, रात्री १०:४०

यंत्र बरोबर आहे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी आम्ही त्याची दखल घेतो, तुमच्याकडे ४४ ने उतरलाय. पार्किन्सन्समध्ये रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात, त्यामुळे उभं राहिलं की दाब उतरतो आणि आडवं झालं की चढतो.

पाणी कुठून येतं ते संध्याकाळी सात वाजता बाबांचे मोजे काढून बघा.

पारसिकवारा | सोमवार, रात्री ८:१५

इलॅस्टिकचा वळ अर्धा बोटभर खोल. घोट्याशी बोट दाबलं तर खळगा राहतो. आम्ही रोज बघत होतो हे. 'खुर्चीत बसून पाय सुजतात हो' म्हणून सोडून देत होतो.

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री १०:३०

तेच ते पाणी. दिवसभर खुर्चीत पाय सोडून बसल्यावर पायांत साठतं. रात्री आडवं झालं की पुन्हा रक्तात येतं, वर झोपेतला चढलेला दाब, आणि मूत्रपिंड इमानेइतबारे ते बाहेर काढतात. चारनंतर पाणी तोडून काही होणार नव्हतं, कारण हे सकाळपासूनचं पाणी आहे.

रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? काही गोळ्यांनीच पाय सुजतात, अॅम्लोडिपिन त्यातली नेहमीची. पार्किन्सन्सच्या काही औषधांनीही सुजतात, प्रामिपेक्सोल, अमँटाडीन. स्वतः बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी, ती किराणाची वही आणि दोन्ही रक्तदाब घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. हृदय आणि मूत्रपिंड तपासायचं का हेही तेच ठरवतील. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ती सोनोग्राफी करून घ्या, कुठलंही औषध सुरू व्हायच्या आधी.

औषधांबद्दल एवढंच : मूत्राशय शांत करणाऱ्या जुन्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, वृद्धांना गोंधळल्यासारखं होतं, विसर पडतो, बद्धकोष्ठता होते. मिराबेग्रॉन वेगळ्या रस्त्याने जातं, डोक्यावर तसा परिणाम करत नाही, पण रक्तदाबावर नजर ठेवावी लागते. प्रोस्टेट सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनने उभ्याचा दाब आणखी उतरू शकतो. आणि रात्रीची लघवीच कमी करणारं डेस्मोप्रेसिन असतं, त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. म्हणून कोणाच्या तरी वडिलांना लागू पडलं ते आपल्या वडिलांना, असं करू नका.

फिजिओ_घोडबंदर | मंगळवार, दुपारी २:००

उशिरा आले. उंबरठ्याबद्दल सांगते.

पाय चिकटले की हात धरून पुढे ओढू नका. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय मागे राहतात, आणि दोघंही पडतात. गुरुवारी बहुधा हेच झालं असणार. थांबायचं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर, डावीकडे, उजवीकडे. मग "एक, दोन, तीन" आणि मोठं पाऊल. जमिनीवर पलंगापासून बाथरूमपर्यंत पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. चालणं विसरलेला पाय रेघ ओलांडायला उचलतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. दिवा खाली, जमिनीलगत लावा. अंधारात रेघ दिसत नाही आणि पाय जास्त अडतात.

दिवसा : दुपारी जेवणानंतर दोन तास आडवं, पायाखाली दोन उशा. ते पाणी दुपारीच निघू द्या. खुर्चीत असताना घोटे वर-खाली. रात्री पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे, चार ते सहा इंच, झोपेतला दाब फार चढू नये म्हणून. नुसत्या उशा वाढवू नका, मान मोडते आणि हेतू साधत नाही.

ऐरोलीकर_मी | मंगळवार, दुपारी ४:१०

ठोकळे लावल्यावर माणूस खाली घसरतो, त्यात सॅटिनची चादर. सांभाळून! आम्ही पायथ्याला लोड ठेवला होता.

कवडसा | बुधवार, सकाळी ९:२०

कुठे मदतगट आहे का ठाणे-नवी मुंबईत?

थरथराट | बुधवार, दुपारी १२:५०

मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. त्यांचे ठिकठिकाणी गट चालतात, जवळचा कुठला ते त्यांनाच विचारा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आमच्या गटात एकदा तासभर फक्त लघवी या विषयावर बोलणं झालं. चहा मात्र त्या दिवशी कोणी घेतला नाही.

पारसिकवारा | शनिवार, दुपारी ४:०० (सहा आठवड्यांनंतर)

उशीर झाला, माफ करा.

न्यूरोलॉजिस्टनी किराणाची वही पहिल्या पानापासून वाचली, तूरडाळीसकट. बीपीची गोळी बदलली. रात्री दहाला सावकाश विरघळणारी लेव्होडोपाची गोळी वाढवली, आता स्वतःहून थोडं वळतात. सोनोग्राफीत ४० मिली उरते, प्रोस्टेट वयाच्या मानाने ठीक, लघवीत जंतू नाहीत. मूत्राशयाची गोळी सध्या नको म्हणाले. चार वाजेपर्यंत सव्वा लिटर पाणी, ते आई बाटलीवर खुणा करून देते. संध्याकाळचा चहा अर्धा कप. (चहाबाज, ऐकलं तुमचं, अर्धं.)

दुपारी पाय वर. सुरुवातीला बाबा म्हणाले हे आजारपणाचं लक्षण दिसतं. मग त्या वेळात जुन्या गाण्यांचा मोबाइल छातीवर ठेवायला लागले आणि आता अडीच वाजले की स्वतःच उशा मागतात. दुपारी साडेचारला मोठी लघवी होते, ४०० मिलीपर्यंत. आई हा आकडा शेजारणीलाही सांगते.

रात्रीच्या फेऱ्या आता दोन. कधी तीन. परवा एकदा पुन्हा पाच झाल्या, कारण कळलं नाही.

मध्ये ब्यूरोमधून रात्रीसाठी मावशी लावल्या होत्या. चांगल्या होत्या, पण बाबांपेक्षा गाढ झोपायच्या. बाबा त्यांची झोपमोड नको म्हणून हाक मारायचे नाहीत! आठवड्यात बंद केलं. आता शुक्रवारी मी आणि मंगळवारी भाऊ, आई त्या रात्री बाहेरच्या खोलीत दार लावून झोपते. पहिल्या शुक्रवारी साडेतीनला उठून दाराशी आली होती, सवयीने.

बाटलीचं : पंधरा दिवस नकार. मग मी थरथराटकाकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी विचारलं, "हा माणूस पाचपाखाडीत कुठे राहतो?" दुसऱ्या दिवशी बाटली घेतली. एकदा सांडली, गादीवर. अंडरपॅड होता म्हणून वाचलो, त्यासाठी रोखठोक यांना धन्यवाद.

थरथराट | रविवार, दुपारी १२:४०

बाबांना सांगा, तलावपाळीला रोज संध्याकाळी साडेपाचला असतो. ठाण्याला आले तर या म्हणावं. मात्र भांडं आपलं आपलं आणायचं.

पारसिकवारा | रविवार, रात्री ९:१५

सांगितलं. हसले. आणि लगेच विचारलं, तिथे जवळपास बाथरूम कुठे आहे.

थरथराट | सोमवार, दुपारी १:००

नकाशा काढून तुमच्या विचारपुशीत पाठवतो. सगळी पाठ आहेत.